दुसरा बार

वडघर, नवी मुंबई
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

चि. कल्पेश यास,
अनेक आशीर्वाद.

फोन तू ठेवलास की मी, यावर तुझ्या आईचा आणि माझा अजून वाद चालू आहे. मी ठेवला असं ती म्हणते. असेल. माझा आवाज चढला होता आणि तुझ्या मागे कुणीतरी इंग्रजीत हसत होतं, मला वाटलं मलाच हसतायत. आज चार दिवस झाले. मेसेजला तू नुसता अंगठा पाठवतोस. म्हणून कागदावर लिहायला बसलो. पानांचे फोटो काढून पाठवीन. पानांवर आकडे टाकलेत ते बघून वाच, नाहीतर आजीच्या वेळेसारखं तिसरं पान आधी वाचून घाबरशील.

आधी चांगलं ते सांगतो. तुझा फोटो मी पुष्कळ वेळा पाहिला. अंगाने भरलायस. नारंगी जाकीट शोभतं तुला. हातात तीन फेझंट, पायाशी जीभ काढून बसलेला कुत्रा, मागे मक्याची खुंटं, आणि आभाळ एवढं मोठं की आपल्याकडे ते फक्त खाडीत होडी घातल्यावर दिसतं. तिन्ही नर. मानेला पांढरी कड, शेपट्या हातभर लांब. दिवसाला तीनच आणि तेही नरच, मादीवर बार टाकायचा नाही, सकाळी दहाच्या आधी तर बंदुकीला कामच नाही, हे सगळं तू सांगितलंस ते मला मनापासून आवडलं. मी नंतर वाचलंही. ते पाखरू मूळचं चीनकडचं, माणसांनी नेऊन तिथे सोडलं, वाढलं, आणि साउथ डकोटात त्याच्या शिकारीचा पहिला हंगाम १९१९ साली झाला. परमुलखातून येऊन तिथलंच होऊन बसलं, असं मी आईला म्हणालो. तिने मान वळवली आणि कुकरची शिट्टी मोजत बसली. तिला तुझीच आठवण झाली असणार. मी बोलायला नको होतं.

मग मी फोटो बोटांनी मोठा केला. तुझ्या उजव्या हाताला तो चष्मेवाला मुलगा आहे ना, तुझ्या बंदुकीच्या नळीचं तोंड त्याच्या गुडघ्याकडे आहे.

एवढंच मी फोनवर म्हणालो होतो. तू म्हणालास, रिकामी होती, सेफ्टीचा खटका लावलेला होता, आम्हाला कोर्समध्ये सगळं शिकवलंय. मान्य. त्या विषयावर आता एक अक्षर लिहिणार नाही.

पण पुढे तू जे बोललास ते लागलं. “तुम्ही तेराव्या वर्षी ठासणीच्या बंदुकीने तितर पाडला, तो किस्सा आम्ही प्रत्येक हळदीला ऐकतो. तेव्हा कुणी नळी बघितली होती?” लागलं कारण नेमकं आहे. तुला ठाऊक नसताना नेमकं बोललास. तुझ्या आजीची सवय तुझ्यात उतरलीय.

तो किस्सा तुला पाठ आहे. तरी परत लिहितो.

१९७० साल. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. भात कापून खळ्यात आलं होतं. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा. नवी मुंबई वसवणारी सिडको त्याच वर्षी मार्चमध्ये स्थापन झाली होती म्हणे, पण मी तरी ते नाव ऐकलेलं नव्हतं. उलव्याची टेकडी तुला आठवते ती सुरुंगाची. तू कॉलेजातून यायचास तेव्हा भोंगा वाजायचा आणि मागोमाग कपाटातल्या बश्या हलायच्या. मला ती आठवते तेव्हा पायथ्याला करवंदाच्या जाळ्या असतात, वर कमरेएवढं गवत, कार्तिकात पिवळं पडलेलं, मधेमधे उघडा कातळ आणि त्यावर सुटा मुरूम. माथ्यावर उभं राहिलं की एका अंगाला खाडी आणि मिठागरांचे पांढरे चौकोन, दुसऱ्या अंगाला लांबवर कर्नाळ्याचा सुळका. कर्नाळ्याला १९६८ मध्ये पक्षी अभयारण्य झालं होतं. आबा सुळक्याकडे बोट करून म्हणायचे, “तिकरं मारायचा नाय. तिकरची पाखरा सरकारची.” म्हणजे इकडची आपली, असा आम्ही पोरांनी अर्थ लावला होता.

तो अर्थ खरा नव्हता. परवाना पीक राखायचा, रानडुकरांसाठी. त्यात तितर बसत नव्हता. मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा होताच, पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, आणि १९९१ मध्ये परवाना काढून करायची शिकारसुद्धा बंद झाली. तू जे करतोयस ते तिथल्या नियमात बसून करतोयस, आम्ही चोरून करत होतो. हा फरक तुझ्या बाजूचा आहे आणि तो मी लिहून देतो.

बंदूक जवळजवळ माझ्याएवढी उंच. दस्त्याला तडा गेलेला, त्यावर तांब्याची पट्टी. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. आबा पावती पंचांगात ठेवायचे आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, “पोरगी सासरी गेलीय.” परत आणली की नळीत गरम पाणी ओतून, चिंध्या फिरवून, खोबरेल लावून तिची अशी उठबस करायचे की तुझी आजी म्हणायची, माझ्या बाळंतपणात एवढं केलं नाही.

ती भरायचा एक क्रम होता. आधी दारू. त्यावर काथ्याचा बोळा. मग गजाने ठासायचं. गज आपोआप उडून हातात परत यायला लागला की दारू बसली. मग छर्रे, त्यांच्यावर पुन्हा काथ्या, पुन्हा गज, पण या वेळी हलक्या हाताने. सगळ्यात शेवटी टोपी, ती तांब्याची चिमुकली वाटी, घोड्याखालच्या बोंडीवर बसवायची. टोपीवर घोडा पडला की ठिणगी आत जाते. टोपी कधी घालायची यावर आबांचा एकच कायदा होता: जागेवर उभं राहिल्यावर. चालताना टोपी खिशात. मला तो कायदा माझ्या नावासारखा पाठ होता. हे लक्षात ठेव.

त्या दिवशी हाका होता. तुझ्याकडच्यासारखाच. काही जण रांग धरून रान तुडवत येतात, काही जण टोकाला थांबतात. रांगेत आम्हा भावंडांतले पाच जण, रॉकेलचे डबे बडवत, आणि तो आपला लाल्या कुत्रा, ज्याला पाखरापेक्षा डब्याची भीती जास्त. टोकाला खिंडीत आबा आणि मी.

तू म्हणालास, “मी टोकाला होतो पप्पा, ती सोपी जागा.” सोपी? पाच-सहा बंदुका तुझ्याकडे तोंड करून चालत येतायत. आमच्या रांगेत तरी नुसते डबे होते. पाखरू मधेच खालून निघालं तर त्यांचे डोळे पाखरावर असतील, तुझ्यावर नसतील. जाकीट नारंगी असतं ते याचसाठी, फोटोसाठी नाही. पाखराच्या पोटाखाली नुसतं आभाळ दिसलं तरच बार टाकायचा, गवत दिसलं, झाड दिसलं, माणूस तर दूरच, की नळी वर करून सोडून द्यायचं, गेलं तर गेलं. आणि रांग जवळ आली की टोकाच्या माणसाने त्या बाजूला बंदूक फिरवायचीच नाही. आणि चालताना...

झालं. लिहिणार नव्हतो, लिहिलं. चूक झाली. तू अठ्ठावीस वर्षांचा आहेस, कोर्स केलायस, प्रमाणपत्राचा फोटो पाठवला होतास, त्यावर मी “छान” लिहिलं होतं. खोडत नाही, कारण खोडलं तर पान घाण दिसतं.

तर हाका.

आधी लावे निघाले. लाव्यांची गंमत तुला सांगितली नाही कधी. दहा-बारा जण एकमेकांना चिकटून गवतात बसलेले असतात. तू दोन हातांवर जाईपर्यंत हलत नाहीत. आणि मग एकदम फर्रर्र, पायातून, दहा दिशांना दहा. भूत निघाल्यासारखं. मी दोन पावलं मागे सरलो आणि आबा खुदकन हसले. लाव्यांवर ते बार टाकत नसत. छर्रे महाग, मांस सुपारीएवढं.

मग बराच वेळ काही नाही. डबे जवळ येत होते. खाली कुणाच्यातरी गाडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज. आबांनी बंदूक माझ्या हातात दिली. काही बोलले नाहीत. खिशातली टोपी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

आधी तो दिसला तो पळताना. तितराला उडायचा कंटाळा. मान ताठ करून, गवताच्या बुडख्यांतून असा पळतो की वाटतं कुणी लहान मूल वाकून चाललंय. मग कातळ आला, आडोसा संपला, आणि तो उठला. खिंडीवरून, डावीकडून उजवीकडे, खाडीच्या बाजूला. त्याच्या पोटाखाली आभाळ होतं. मी नळी त्याच्या पुढे नेली, थोडी आणखी पुढे, आणि चाप ओढला.

काळ्या दारूचा धूर असा असतो की मारणाऱ्याला स्वतःचा नेम दिसत नाही. खांद्याला दणका, कानात शिट्टी, तोंडासमोर पांढरा पडदा, नाकात कुजक्या अंड्याचा वास. काही कळेना. मग पडद्यापलीकडून आबांचा आवाज आला. “परला रं! परला!”

तेवढा आनंद मला पुढे दहावी पास झाल्यावर झाला नाही, नोकरी लागल्यावर झाला नाही. तुझ्या जन्माच्या वेळी झाला, पण त्यात धास्ती होती. त्या दिवशी धास्ती नव्हती. वाईट वाटलं असं आता या वयात लिहिता येईल, वाचायलाही बरं दिसेल. पण नाही वाटलं. तितर हातात घेतला, गरम होता, घरात येऊन झोपलेल्या मांजरासारखा गरम. छातीवर काळ्यात पांढरे गोल ठिपके, कुणीतरी बसून एकेक टेकवल्यासारखे. डोकं तांबूस. डोळा अर्धा उघडा होता आणि माझ्यादेखत मिटला. पापणी खालून वर आली. आपली वरून खाली येते, पाखराची खालून वर, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. बाळ्याने, म्हणजे तुझ्या बाळाकाकाने, तितर माझ्या हातून ओढून घेतला. तो दहा वर्षांचा, डबा बडवून घसा बसलेला. “मी नेतो, मी नेतो.” दिला.

हळदीतला किस्सा इथे संपतो. पुढे येतं ते जेवण, अकरा माणसांत एक तितर, आजीचा मसाला आणि तांदळाच्या भाकऱ्या. आबा तो स्वतः सांगायचे. पाहुणा आला की चहाच्या आधी. शेवटी मीच सांगायला लागलो. बाळ्या शेजारी बसून डब्याचा आवाज काढायचा. पंचावन्न वर्षांत त्या दोघांनी मधला तुकडा कधी घातला नाही. मीही नाही.

मला दुसरा हवा होता. एवढंच कारण आहे.

आबा खुशीत होते, म्हणाले, तूच भर. मी भरली, क्रमाने, नीट, गज उडून हातात आला. आणि टोपी खिशात ठेवायची ती बोंडीवर बसवली. उतारावर गवत हलल्यासारखं वाटलं म्हणून घोडाही ओढला. आबा मागे, लाल्याला हाका मारत. बाळ्या माझ्या पुढे वीसेक पावलांवर, तितर पायाला धरून हलवत, गाणं म्हणत. आणि मी, बाजूला बघत, मुरमावरून खाली येतोय.

पाय गेला.

बार कसा निघाला ते मला आजही सांगता येत नाही. बोट चापावर नव्हतं असं मी शपथेवर सांगायचो. असेल, नसेल. नळी कुठे होती ते मात्र माहीत आहे. धूर विरला तेव्हा बाळ्या खाली बसला होता. रडत नव्हता. दोन्ही हातांनी गवत चाचपडत होता आणि म्हणत होता, “दादा, तितर परला. तितर कुठं गेला बघ.” त्याच्या डाव्या पोटरीतून रक्त येऊन टाचेशी जमत होतं, त्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. बहुतेक छर्रे कातळात गेले होते. तीन त्याला लागले. वीतभर वर असते तर, या वाक्याचा पुढचा भाग मी पंचावन्न वर्षं पुरा केलेला नाही.

आबा धावत आले. डोक्याचं फडकं सोडून पोटरी बांधली. मारतील असं वाटलं. मारलं नाही. बंदूक माझ्या हातातून काढून घेतली, घोड्याखाली बघितलं आणि विचारलं, “टोपी कोनी घातली?” मी म्हणालो, मी. बस. त्यानंतर गाव येईपर्यंत एक शब्द नाही. बाळ्याला पाठीवर घेतलं होतं आणि त्याने तितर सोडला नव्हता.

पनवेलला नेलं, बैलगाडीने. काटेरी तारेवर पडला असं सांगितलं. डॉक्टरांनी आबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, एक छर्रा चिमट्याने काढून बशीत टाकला. टिक् असा आवाज झाला. दोन खोल आहेत, म्हणाले, राहू द्या, काही करणार नाहीत. आणि वहीत “तार” लिहिलं. बाळ्याच्या आईला, म्हणजे तुझ्या धाकट्या आजीला, मरेपर्यंत तारच ठाऊक होती.

रात्री तितर शिजला. बाळ्याला तंगडी दिली, दुखणाईत म्हणून. खाताना दाताखाली काहीतरी कचकन आलं. त्याने ते तोंडातून काढलं, दिव्यापाशी धरलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “यो चौथा.”

सगळे हसले. काय हसतोय ते आम्हा तिघांनाच माहीत होतं, आणि आबा हसत नव्हते.

त्यानंतर मी बंदूक हातात घेतली नाही. आबांनी दिली नाही आणि मी मागितली नाही. बंदुकीचा आवाज जवळून ऐकला तो नंतर एकदाच, जानेवारी १९८४ मध्ये, दास्तान फाट्याला, जमिनीसाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला तेव्हा. त्या आंदोलनात गेलेल्यांची ती पाच नावं तुला शाळेत असताना पाठ होती. ते वेगळं प्रकरण, इथे नको.

आता एक्स-रेचं. गेल्या महिन्यात मनालीने घरच्या ग्रुपवर बाळाकाकाच्या गुडघ्याचा फोटो टाकला आणि विचारलं, पप्पांच्या पायात हे दोन पांढरे ठिपके काय आहेत. तू खाली लिहिलंस, “काका, लोखंडी माणूस!” शिशाचा म्हणायला हवं होतं. बाळ्याने ग्रुपवर लिहिलं, “जुनी तार आहे.” आणि मला वेगळा मेसेज पाठवला, “दादा, अजून दोन शिल्लक.” पुढे एक कोंबडा. तितराचं चित्र मोबाइलमध्ये मिळालं नसेल.

ते ठिपके मी रात्री मोठे करून बघत बसलो होतो. हाडाला खेटून, अगदी स्वच्छ, बाजूला काही नाही. आणि तीन आठवड्यांनी तुझा फोटो आला आणि तोही मी मोठा केला. एवढंच झालं. तू चुकलास असं मी म्हणत नव्हतो. म्हणजे म्हणत होतो, पण तुला नव्हतो म्हणत.

रिकामी होती हे मला मान्य आहे. पण मी भरलेली आहे हे विसरलो नव्हतो, कल्पेश, मला पक्कं ठाऊक होतं की ती भरलेली आहे, टोपीही मीच घातली होती, आणि तरी झालं. माझ्यासारख्याच्या हातून झालं, ज्याला सगळा क्रम पाठ होता. म्हणून तू “शिकवलंय आम्हाला” म्हणतोस तेव्हा मला धीर येत नाही, उलटं होतं. हे तुला समजावून कसं सांगू ते फोनवर सुचलं नाही, म्हणून ओरडलो.

तू स्वतःची बंदूक घेणार म्हणतोस. व्हिसावर असलं तरी शिकारीचा परवाना असला की घेता येते, असं तू सांगितलंस. तू वाचल्याशिवाय बोलत नाहीस. घे किंवा घेऊ नकोस, पैसे तुझे, घर तुझं. घेतलीस तर छर्रे एका कपाटात आणि बंदूक दुसऱ्या. आणि उदास असशील त्या दिवशी मित्राकडे ठेवायला दे. हे का लिहिलं ते विचारू नकोस. थंडीत तिथे चार-साडेचारलाच अंधारायला लागतं असं तू म्हणाला होतास, ते डोक्यात राहिलंय.

आणि तरीही, हे आईला कळू देऊ नकोस: तिनांपैकी दोन पहिल्याच बारात पाडलेस, हे मी इथे खालच्या मजल्यावरच्या तिघांना सांगून आलो. चौथ्याला सांगणार होतो, पण तो माळकरी आहे. उडतं पाखरू, पहिल्यांदा, आणि तेही अंगठे गारठलेले असताना. आबा असते तर चहाच्या आधी तुझाच किस्सा झाला असता.

टेकडीचं तुला माहीतच आहे. नव्वद मीटरच्या आसपास उंच होती, सपाट झाली, नदीला वेगळी वाट दिली, दहा गावं उठली, माझ्या मामाचं कोंबडभुजेसुद्धा. (नाव ऐकून तुझे तिथले मित्र खूश होतील. अर्थ सांगताना सांभाळून सांग.) विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबरला झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं सुटणार आहेत. परवा बाळ्या आणि मी रिक्षाने तिकडून गेलो. खिंड कुठे असेल याचा आम्ही अंदाज लावत होतो. बाळ्या म्हणाला, कुंपणाच्या आत, धावपट्टीच्या मधोमध. मी म्हणालो, नाही, अजून खाली. दोघांनाही धड सांगता येईना. नुसता उंचीचा हिशेब चुकतो, खूण म्हणून जी होती ती टेकडीच होती. मग तो म्हणाला, पुढेमागे कल्प्याचं विमान इथेच उतरेल, त्याला सांग तितरावर पाय देऊ नको. आणि गुडघा चोळत बसला.

त्याचं ऑपरेशन ५ डिसेंबरला आहे. डावाच गुडघा. डॉक्टर म्हणाले, ठिपके खाली आहेत, आपल्या कामात येत नाहीत, राहू देत. म्हणजे आणखी एका डॉक्टरने तेच सांगितलं. आदल्या दिवशी त्याला फोन कर. हे सगळं त्याला विचारलंस तरी चालेल. तो तुला तारच सांगेल. मनालीला मात्र तू सांगू नकोस, ते माझं काम आहे, ऑपरेशन झालं की मी करणार आहे. हे वाक्य लिहून ठेवतोय म्हणजे मला पळता येणार नाही.

आई विचारतेय, तीन कोंबडे साफ कुणी केले, आणि तिथे आपला मसाला उरलाय का. उरला नसेल तर तुझ्या ताईच्या दिराबरोबर एक किलो पाठवते. फेझंटचं मांस कोरडं असतं असं तू म्हणालास, तर आधी दह्यात ठेव, कांदा जास्त घाल, आणि खाताना सावकाश खा, छर्रा दाताखाली येतो.

पुढच्या शनिवारी परत जाणार आहात म्हणालास. जा. मी नाही म्हणत नाही.

त्या चष्मेवाल्या मुलाचं नाव काय, ते मात्र कळव.

तुझा,
पप्पा